ओल्या चुन्यावरचा हात

१

मोरिवलीच्या शिवेवर कारखान्याची नवी शेड उभी राहत होती. दुपारची जेवणाची सुट्टी संपली आणि सुकऱ्या गवंडी परांचीवरून खाली आला. उतरून नव्हे, पडून.

माणसं धावली. बांबूंची खाट बांधून त्याला कल्याणच्या इस्पितळात हलवलं. सगळे त्याच्याकडे धावत असताना मुकादम हिंदुराव मात्र उलट्या बाजूला, आपल्या हजेरीच्या खोलीकडे पळाला. आणि तिथून त्यानं हाक दिली, "अरे, ह्याचा बिल्ला तर फळ्यावर आहे!"

हे ऐकून सुकऱ्याची बायको नवसी मटकन खाली बसली म्हणतात. नवरा पडला तेव्हा ती धावली होती. बिल्ल्याचं ऐकून मात्र बसली.

बिल्ल्याचं महत्त्व सांगायला हवं. पंचावन्न सालची गोष्ट. कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी विम्याचे कायदे येत होते, पण कारखाना बांधणाऱ्यांना कोण विचारतो? या कारखान्याच्या मालकानं मात्र कंत्राटदाराला अट घातली होती, की एकूण एक मजुराचा विमा उतरवायचा. मजुराचा हप्ता थोडा, कंत्राटदाराचा जास्त. अपघात झाला तर औषधपाणी आणि अर्धा पगार विमा मंडळी, म्हणजे विमा कंपनी, देणार. फक्त माणूस अपघाताच्या वेळी कामावर असला पाहिजे. ते ओळखायचं बिल्ल्यावरून. सकाळी आपला पितळी बिल्ला फळ्यावरून काढून न्यायचा, काम सुटलं की परत अडकवायचा. बिल्ला फळ्यावर, म्हणजे माणूस कामावर नाही. माणूस कामावर नाही, म्हणजे विमा नाही.

त्या विमा मंडळीचे चौकशी अधिकारी म्हणजे आमचे हे, दौलतराव.

आणि फळ्याशेजारच्या भिंतीवर, त्याच सकाळी लावलेल्या पांढऱ्याशुभ्र चुन्यावर, एक लालभडक पंजा उमटलेला होता.

२

ह्यांच्याबरोबर मी का गेले, ते सांगते. लोकांना वाटलं, साहेबांची बायको दयाळू आहे, मजुराच्या बायकोचं सांत्वन करायला आली. तसं काही नव्हतं. मंडळीच्या कचेरीत राजाबाई नावाची नवी लेखनिक आली होती, आणि एका जेवणात ह्यांनी तिचं नाव तीनदा घेतलं होतं. आमटी वाढताना, "राजाबाईंचं अक्षर फार सुरेख." भात वाढताना, "राजाबाई सांगत होत्या." ताकाला तिसऱ्यांदा, "उद्या मोरिवलीला जबाब लिहून घ्यायला राजाबाई येतील बहुतेक."

"मीही येते," मी म्हटलं. "अंबरनाथचं देऊळ बघून किती वर्षं झाली."

"देऊळ त्या बाजूला नाही, कुमुद."

"जाऊन येऊ वाटेत."

राजाबाई आल्याच नाहीत, त्यांना ताप आला होता. आता माघारी कुठं फिरायचं? मी गेले.

हजेरीच्या खोलीत हिंदुराव मुकादम उभा होता. देशावरचा, पिळदार मिशीचा माणूस. त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं.

"साहेब, सरळ आहे बघा. सुट्टीत सुकऱ्याची आन् देऊ गवंड्याची झोंबी झाली. सुकऱ्याचा हात फुटला. रागारागानं इथं आला, बिल्ला अडकवला, भिंतीला हात टेकला. हा बघा रगताचा पंजा. म्हणजे काम सोडून चालला होता. मग थापी-ओळंबा वर राहिला म्हणून चढला आन् पडला. आपल्या घरच्या कामानं पडला म्हणा की."

"तुम्ही त्याला बिल्ला अडकवताना पाहिलंत?" ह्यांनी विचारलं.

"मी जेवत होतो. पण पंजा काय खोटं बोलतोय?"

सुकऱ्याला विचारावं, तर तो इस्पितळात डोळे उघडत होता, पण बोलत नव्हता. डोक्याला मार होता, मांडी मोडली होती. डॉक्टर म्हणाले होते, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हलवलं तर पुन्हा पायावर उभा राहील. मंडळीनं खर्च उचलला तर. नाहीतर जन्माचा लंगडा.

ह्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मला तर नकारच लिहावा लागेल असं दिसतंय."

मी भिंतीपाशी गेले. डावा हात होता. मी आपला डावा पंजा त्याच्यावर हवेतच धरून पाहिला.

अगदी माझ्या मापाचा.

३

देऊ गवंड्याला बोलावलं. काळा, उंच माणूस, पण कुणी बोललं की खाली बघणारा.

"भांडलास?"

"भांडलू. पन तोंडानं. हात नाय लावला."

"कशावरून?"

त्यानं भिंतीकडे पाहिलं. "त्यो माझ्या हाताखाली बिगारी होता, साहेब. दगूड उचलायचा. सेठनं त्याला वर्सात गवंडी केला. माजी थापी, माजी शिकवन, आन् कोपऱ्याचं काम त्याला. बोललू मी. जळलू म्हना. पन त्याला लोटीन कशाला? पडला तवा मी पल्याडच्या भिंतीवर होतू, पन्नास जनांनी बगलाय."

ते खरं होतं. जळणाऱ्या माणसानं स्वतःच "जळलू" म्हटलं की मी त्याला निम्मी सूट देते. न जळण्याचं सोंग करणारे वाईट.

तेवढ्यात कंत्राटदार आले. सेठ नेणूमल. फाळणीनंतर सिंधमधून कल्याणजवळच्या निर्वासित कॅम्पातल्या बराकीत आले, आधी कापड विकलं, मग विटा, आता बांधकामं घेत होते. मला बघताच हात जोडले आणि सिंधीत ताई म्हणून हाक मारली.

"आओ अदी, बैठो. चाय मंगाऊ? साहेब, मी तर आपला हिस्सा दर महिन्याला टाकतो. त्या परसराम कंत्राटदारानं मजुरांना बिल्लेसुद्धा दिले नाहीत, आणि बदलापूरची मोठी कामं सगळी त्यालाच! माझ्याकडे माणूस पडला की मंडळी माझा हिस्सा वाढवणार. तो मात्र आरामात. ये कोई इन्साफ आहे?"

"म्हणजे बिल्ला फळ्यावर सापडला हे तुमच्या सोयीचंच," हे म्हणाले.

"सोयीचं आहे," नेणूमल लगेच म्हणाले. "पण मी सुट्टीत कॅम्पात होतो. आणि एवढा छोटा हात माझा कुठं?" त्यांनी आपला पंजा समोर धरला. पाच बोटांत पाच अंगठ्या मावतील असा दणदणीत हात.

मुकादमाचाही हात मोठा. देऊचाही. आणि इस्पितळातल्या सुकऱ्याचा? मी विचारलं.

"त्याचा बी गवंड्याचाच हात, बाई," देऊ म्हणाला. "थापी धरून फावड्यासारखा झालाय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंजाकडे पाहत होते. दोन दिवस झाले होते. दोन दिवसांचं रक्त काळं पडतं, वाळतं, त्याची खपली निघते. हा पंजा अजून लाल होता. आणि त्याच्या कडा काळ्या नव्हे, पिवळ्या पडत चालल्या होत्या.

मी म्हटलं, "अहो, मी जरा त्या खानावळीत जाऊन पाणी पिऊन येते."

४

खानावळ म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री. चुलीशी बनूबाई बसली होती, उखळात हळकुंडं कुटत. बोटांची टोकं पिवळी.

मी पाणी प्यायले. मग तिच्या उखळातली चिमूटभर हळद घेतली, हातावर थेंबभर पाण्यात कालवली आणि शेजारी चुना मळायची घाणी होती तिच्या ओल्या कडेवर बोट टेकवलं.

पिवळं बोट, लालभडक ठिपका.

बनूबाई मुसळ थांबवून माझ्याकडे पाहत होती. दचकली वगैरे नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"आवो, कुकू आमी घरीच करतो. कुन्या बाईला म्हाईत नाय?"

"मग दोन दिवस सगळे रक्त रक्त करतायत, तुम्ही बोलला नाहीत?"

"आमाला कोनी इचारलं?" ती म्हणाली. "मुकादमानं गवंड्यांना इचारलं, सेठनं गवंड्यांना इचारलं. सायेब बी आले ते गवंड्यांनाच इचारतात. बाया घमेली घेऊन त्या खोलीवरून जातात-येतात, समद्यांनी बगलं. कुनी कुनाशी बोललं नाय."

"हळदीचे हात तर इथं तुमचेच."

ती हसली. दात शाबूत होते, हसणं छान होतं. "बगा की बोटं माझी." तिनं हात पुढे केला. "टोकं पिवळी. तो हात बगा भितीवरचा. मंग मला इचारा."

मी परत गेले. खरंच. आपण भिंतीला हात टेकला तर बोटांची टोकं आणि तळव्याची कड उमटते. मधली खोलगट जागा कोरी राहते. इथं उलटं होतं. बोटं फिकी, आणि मधोमध, जिथं भिंत लागायलाच नको, तिथं गडद लाल गोळा. त्याच्याभोवती चुन्यावर तेलकट कडं पसरलेलं.

म्हणजे डाव्या तळव्याची वाटी करून त्यात कुणीतरी तेलात हळद कालवली होती. तशाच भरल्या हातानं ती इथं आली, उजव्या हातानं बिल्ला अडकवला, आणि तोल जाऊन डावा भिंतीला टेकला.

घमेलं वाहणाऱ्या बाईचा हात चुन्यानं भरलेला असतो. त्याच हातात तिनं हळद घेतली तर ती हातावरच लाल होते. ही हळद भिंतीला लागेपर्यंत पिवळी होती. म्हणजे हात स्वच्छ धुतलेला होता. कुणीतरी हात धुऊन, मुद्दाम, मायेनं हळद कालवली होती.

कुणासाठी?

जेवणाची सुट्टी झाली. आणि उत्तर आपल्या पायांनी माझ्यासमोरून चालत गेलं.

५

गवंडी खाली उतरले. चुना हात खातो; बोटांच्या पेरांना भेगा पडतात. प्रत्येक गवंड्याची बायको जेवणाआधी हात धुऊन येई, तळव्यात तेल-हळद कालवी आणि नवऱ्याच्या भेगांवर चोळी. रोजचं होतं ते. कोणी लाजत नव्हतं. ज्यांना बायको नाही ते देऊसारखे आपले हात आपणच चोळत होते.

आणि दुसरं. त्या बायकांच्या पदराच्या गाठीत दोन-दोन बिल्ले किणकिणत होते.

"दोन कसे गं?" मी एकीला विचारलं.

"येक माजा, येक त्यांचा. वर चढताना गळ्यात दोरा नको, बाई. बांबूच्या गाठीला अडकतो. म्हनून आमच्यापाशी."

मी ह्यांच्याकडे गेले. "अहो, सुकऱ्याचा बिल्ला सुकऱ्याकडे नव्हताच."

"मग कोणाकडे?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात एक बाई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तरणी, बांधेसूद, कमरेला पदर खोचलेला. ती तुळशी, अजून बिनलग्नाची. सुकऱ्याच्या परांचीला चुन्याची घमेली पोचवायचं काम तिचं. पाड्यावर म्हणत, सुकऱ्याचं लगीन आधी तिच्याशीच ठरलं होतं. मग तुळशीच्या बापानं देजासाठी, मुलीच्या बापाला द्यायच्या पैशांसाठी, अडवलं आणि नवसीच्या बापानं अडवलं नाही.

"सायेब, लिवा," ती म्हणाली. "बिल्ला म्या लावला."

हिंदुराव खुर्चीतून उठलाच. "तू? कशाला?"

"त्याचा खाडा पडावा म्हनून. माज्याशी बोलला नाय, राग आला. त्याच्या सदऱ्यातून काडला न लावला. तो काम सोडून नव्हता चालला. तो कामावरच होता. लिवा. त्याला मुंबईला न्या."

ह्यांनी लेखणी उचलली. चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. चौकशी संपली होती, माणूस वाचला होता, आणि एक गुन्हेगार स्वतः चालत आला होता. फारच सोयीचं.

"थांबा," मी म्हटलं. "तुळशी, सदऱ्यातून काढलास?"

"व्हय."

"कुठल्या खिशातून?"

ती खोचलेला पदर पुन्हा खोचू लागली.

"खोटं बोलतेस तू. बिल्ला सदऱ्यात नव्हता. आणि त्या वेळी तुझ्या हातात हळद कशी असेल? तुला कुणाचे हात चोळायचेत?"

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा असा उतरला, की मला माझ्या हुशारीचा राग आला.

आणि दाराबाहेर बसलेल्या बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी ताडकन उभं राहिलं.

६

नवसी दोन दिवसांत पहिल्यांदा बोलत होती. बारीक चणीची, कोरड्या डोळ्यांची. आत आली ती तुळशीकडेच.

"तू कोन गं? तू कोन माज्या नवऱ्यापायी खोटं बोलनारी?"

"नवसी, गप ऱ्हा. होऊ दे त्याचं काम."

"तुज्या नावानं? तो बरा झाला का समद्या पाड्यात काय बोलतील, तुळशीनं वाचवला? माजा हाय तो. वाचवीन तर मी वाचवीन, मारीन तर मी मारीन!" मग ती ह्यांच्याकडे वळली. आवाज फुटत होता, पण थांबली नाही. "बिल्ला म्या लावला, सायेब. माज्या गाठीला होता. हा हात माजा."

तिनं डावा पंजा भिंतीवर ठेवला. बोटावर बोट बसलं.

बाहेरच्या बायका मान खाली घालून भाकरी खात राहिल्या. त्यांना नवीन काहीच नव्हतं.

"सांग सगळं," मी म्हटलं. "बस आधी."

ती बसली नाही. "हात धुतले, हळद कालवली, गेले. तर तो परांचीखाली उभा, न ही त्याचा हात हातात घेऊन. मी आपली हळद घेऊन उभी. वाटलं, हाताला माजी गरज नाय, तर बिल्ल्याला काय? लावला फळ्यावर. येक दिसाचा खाडा पडंल, मुकादम बोलंल, हिच्या परांचीवरनं काडून दुसरीकडं घालंल. येवडंच. देवाशपथ, येवडंच. मंग तो वर चढला न..." तिनं तोंडावर पदर घेतला. "मी बोलले असते तर माजी लाज जाती. नाय बोलले तर त्याचा पाय जातो. दोन दीस नुसती बसले."

"लाज गेली तर जाईल," मी म्हटलं. "पाय गेला तर येणार नाही. आज बोललीस, बरं केलंस."

हिंदुरावानं मिशीवर हात फिरवला. "पण साहेब, बायकोनं लावला म्हणजे नवऱ्यानंच लावल्यासारखं. हिच्या हातानं झालं म्हणून..."

"नाही," आमचे हे म्हणाले. आणि असं ठाम म्हणाले, की लग्नानंतर दुसऱ्यांदाच ऐकलं मी. "काम सोडायचं ते मजुरानं सोडायचं. सुकऱ्यानं सोडलं नव्हतं. त्याला बिल्ला उतरल्याचं माहीतही नव्हतं. तो कामावर होता. सेठनी त्याचा हिस्सा भरलाय, त्यानं आपला भरलाय. मंडळी देईल."

नेणूमल कपाळाला हात लावून बसले. देवळाचं निमित्त मी त्यांनाही सांगितलं होतं. "अदी, तुम्ही देऊळ बघायला गेला असता तर काय झालं असतं?" पण मग त्यांनीच आपला ट्रक सांगितला, सुकऱ्याला मुंबईला न्यायला. वर म्हणाले, "परसरामनं दिला असता का ट्रक? सांगा सगळ्यांना, नेणूमलनं दिला."

नवसी निघताना तुळशीपाशी थांबली. मला वाटलं आता पाया पडेल, गळ्यात पडेल. तसलं काही नाही.

"काय करत होतीस त्याच्या हाताचं?" तिनं विचारलं.

"बांबूची कूस गेली होती तळव्यात, काट्यावानी. काडत होते."

नवसी तिच्याकडे बघत राहिली.

"कूस होती," तुळशी म्हणाली. "खरीच होती." मग नजर काढून घेत, "काडायला लागतो त्यापरीस जास्त येळ लावला जरा. ते बी खरं."

नवसीनं मान हलवली. तिला उत्तर पटलं होतं. पूर्ण खोटं तिनं चालवून घेतलं नसतं आणि पूर्ण खरं तिला सोसलं नसतं. "मी मुंबईला जातेय," ती म्हणाली. "कोंबड्यांना दानं टाक." आणि ट्रकमध्ये चढली.

आम्ही परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. देवळाचं मीही काढलं नाही, ह्यांनीही नाही. चिखलोलीकडच्या रस्त्यावर धूळ उडत होती. बराच वेळ चालल्यावर हे म्हणाले, "तुझ्याशिवाय जमलं नसतं. राजाबाई असत्या तर जबाब सुरेख अक्षरात लिहिला असता, आणि चुकीचा."

त्या एका वाक्यानं राजाबाईंच्या तापाचं मला पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं.

"आई गं," ते थांबले. परांचीचा बांबू चाचपून पाहिला होता साहेबांनी, चौकशीच्या उत्साहात. तळव्यात बारीक कूस गेली होती.

"बघू," मी म्हटलं आणि रस्त्याच्या कडेला त्यांचा हात हातात घेतला.

कूस लगेच निघाली. पण मी हात लगेच सोडला नाही.